घरी वस्तूची किंमत खरी सांगता का? (पाचशेच्या खुर्चीचं प्रकरण)

शेवटचा_डबा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय २४. मूळ सोलापूरचा, म्हणजे कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतला. विडी कामगार बायकांच्या त्या दहा हजार घरांपैकी एक आमचं. २००६ साली तिथे राहायला गेलो तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. घरी तेलुगू, दारात मराठी, भांडण दोन्हीत. सध्या पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. हातात २३ हजार येतात. खोलीभाडं साडेचार, मेस बत्तीसशे, घरी दहा. उरलेल्यात मी.

वडील टॉवेलच्या कारखान्यात साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर होते. २०२२ मध्ये झटका आला, डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात नाही आला. एका हातावर साचा चालत नाही. तेव्हापासून घर अम्माच्या विड्यांवर आणि माझ्या दहा हजारांवर चाललंय.

अम्मा सकाळी नऊला भिंतीला टेकून पाय पसरून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं. मधे भात लावायला उठली तर तेवढीच. भिंतीला जिथे ती टेकते तिथे तिच्या पाठीचा तेलकट काळा डाग आहे, साधारण परातीएवढा. आम्ही दोनदा रंग दिला घराला. डाग दोन्ही वेळा वर आला.

दसऱ्याला घरी जाताना मी तिच्यासाठी जमिनीवर बसायची खुर्ची घेतली. बिनपायाची, नुसती पाठ असलेली, घडी होणारी. २४०० रुपये. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो, शेजारचे काका दौंडपर्यंत बघत होते.

घरी गेल्या गेल्या अम्मानं विचारलं, कितीला? म्हटलं, पाचशे.

का खोटं बोललो ते सांगतो. अम्माचा हिशोब रुपयांत नसतो. हजार विड्या वळल्या की दोनशेच्या आसपास पडतात. म्हणजे २४०० म्हणजे बारा हजार विड्या, आणि हल्ली पाठीमुळे तिच्या दिवसाला सात-आठशेच होतात. त्यात कारखान्यात चेकर बसतो, तो छाट काढतो. वाकडी, सैल, पान फाटलेली विडी बाजूला टाकली की ती मजुरीत धरत नाहीत. बारा हजाराच्या वस्तूवर अम्मा बसलीच नसती. पाचशे म्हणजे अडीच हजार. तेवढं ती मला माफ करते.

बसली. मान सरळ ठेवून काम करताना तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

आता खरी गंमत. गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर एकत्र वळायला बसतात. सगळ्यांनी खुर्चीवर बसून पाहिलं. आज रविवार, अम्माचा फोन: "चौघींनी पाचशे-पाचशे दिलेत. दोन हजार साखरेच्या डब्यात ठेवलेत. दिवाळीला येताना चार घेऊन ये."

चार खुर्च्या ९६००. डब्यात २०००. मी ७६०० कुठून आणू?

प्रश्न दोन. एक, आता काय करू? दोन, तुम्ही घरी खरी किंमत सांगता का?

---

तिखटमीठ | ५ ऑक्टोबर, ११:५८

पहिली मी! खुर्चीचं नंतर बघू, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही.

माझ्या एका साडीच्या तीन किमती आहेत. सासूबाईंना ७००, नणंदेला १५००, मैत्रिणीला खरी २२००. गेल्या वर्षी एका लग्नात तिघी एकाच टेबलावर जेवायला बसल्या आणि विषय त्याच साडीचा निघाला. मी जिलबी वाढायच्या निमित्ताने उठले ती वरात निघेपर्यंत परत आले नाही.

---

कडकभाकरी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

का बे, कुंभारीचा का तू? आपण बाळीवेसचे. पुण्यात राहून शेंगाचटणीची आठवण येत असंल तर कळव.

सल्ला एकच. आईला सांग, दुकान बंद पडलं.

---

शेवटचा_डबा | ६ ऑक्टोबर, ९:०५

@कडकभाकरी, चटणीचा डबा अम्मा दर खेपेला देते, रूममेट तीन दिवसांत संपवतात.
दुकान बंद पडलं सांगितलं तर अम्मा म्हणेल दुसरं बघ. ती सोलापुरात टेंभुर्णीची (विडीची, तेंदूची) पानं चांगली निघावीत म्हणून तीन-तीन तास रांगेत थांबणारी बाई आहे.

---

मास्तर_निवृत्त | ६ ऑक्टोबर, ११:२२

आपली तळमळ समजते, परंतु खोटे ते खोटेच. एक खोटे लपवण्यासाठी आता दुसरे शोधत आहात. आईला फोन करून सरळ सांगावे की किंमत २४०० आहे. आई रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, विषय संपेल. तीस वर्षे वर्गावर होतो. उशिरा कबूल करणाऱ्या मुलाला शिक्षा जास्त होते, एवढे अनुभवाने सांगतो.

---

झेंडूबाम | ६ ऑक्टोबर, ११:४०

मास्तर, तुमच्या छडीची किंमत शाळेला किती सांगितली होती? (हलके घ्या)

---

दूरदेशी | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

आमच्याकडे याचा वेगळाच प्रकार. आई साताऱ्याहून चार महिने अमेरिकेत आली होती. मी किंमत लपवायचा प्रश्नच नव्हता, सगळीकडे लेबलं. तिने गुणाकार सुरू केला. मेथीची जुडी, गुणिले. केस कापणं, गुणिले. पार्किंग ऐकून ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, "मी इथेच बसते, म्हणजे गाडी पार्क केली असं होणार नाही" म्हणाली.

शेवटी मी सांगून टाकलं की इथे पार्किंग माझी कंपनी भरते. कंपनीने आजवर माझा चहासुद्धा भरलेला नाही. पण चार महिने आई समुद्र बघायला आली.

तेव्हा मास्तर, क्षमस्व, मी शेवटचा_डबा यांच्या बाजूने.

---

मास्तर_निवृत्त | ६ ऑक्टोबर, १:५०

छडी शाळेचीच होती. मी घरून नेत नसे.

---

स्वच्छ_हवा | ६ ऑक्टोबर, ४:३०

सगळे भावुक झालेत म्हणून एक स्पष्ट लिहितो. विडी ओढून माणसं मरतात. माझे काका घशाच्या कॅन्सरने गेले, रोज दोन जुड्या ओढायचे. अशा धंद्यात बसायला आरामखुर्ची शोधण्यापेक्षा आईला त्यातून बाहेर काढायचं बघा. शिकलेले आहात, पगार आहे.

---

तिखटमीठ | ६ ऑक्टोबर, ४:४१

२३ हजारांत?? घरभाडं, मेस, बापाचं औषध वजा करून कोणाला कशातून बाहेर काढायचं ते पण लिहा ना.

---

शेवटचा_डबा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

@स्वच्छ_हवा, काकांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून विडीच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचा इशारा येतो. तो धोका आमच्या घरात कायमच होता, कारण तंबाखूची धूळ घरातच असते. लहानपणी माझ्या शाळेच्या डब्याला तो वास यायचा आणि शेजारचा मुलगा बाक बदलून बसायचा. अम्माला रात्री खोकला येतो. ती विडी ओढत नाही, फक्त वळते.

पण तिला बाहेर कसं काढू? वयाच्या बाराव्या वर्षापासून तिचे हात एवढंच काम करतात. मागे तिला शिवणकाम शिकायला बसवलं होतं. मशीनवर पाय चालेनात, आणि गल्लीत शिवायला टाकणारं कोणी नाही, कारण सगळ्या विड्याच वळतात. तिचा पीएफ आहे, कामगार म्हणून कार्ड आहे. माझी बी.कॉम.ची तीन वर्षं विडी कामगारांच्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीवर निघाली. धंदा वाईट आहे हे मान्य. माझी पदवी त्याच धंद्यातून आलीय, आणि हे सांगताना मला अजून नीट वाक्य सापडत नाही.

---

स्वच्छ_हवा | ६ ऑक्टोबर, १०:५५

माझा सूर चढला होता. आईंच्या खोकल्याचं एकदा दाखवून घ्या एवढंच म्हणतो. एक्स-रे तरी.

---

झेंडूबाम | ६ ऑक्टोबर, ११:०१

या संस्थळावर कोणीतरी सूर खाली घेतला. तारीख लिहून ठेवा.

---

आडनाव_नको | ७ ऑक्टोबर, रात्री १२:४५

धागा कालच वाचला. लिहू की नको करत होते.

आमचे अण्णा एसटीत मेकॅनिक. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात पगार नाही. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते, वसतिगृहात. फोनवर अण्णा रोज म्हणायचे, सगळं ठीक आहे, संप मिटतोय. एकदा म्हणाले, "डॉक्टरनं ब्लडप्रेशरची गोळी अर्धी केली बघ, आता बरं आहे." मला एवढा आनंद झाला की मैत्रिणींना सांगितलं.

फेब्रुवारीत घरी गेले. सकाळी बाथरूममधल्या फळीवर दाढीचं पातं होतं आणि त्याच्या धारेवर पांढरी भुकटी. मला वाटलं साबण. चाटून पाहिलं तर कडू. (का चाटलं ते विचारू नका.) मग लक्षात आलं. ते पात्याने गोळ्या कापत होते. कॅलेंडरच्या कागदाची घडी करून त्यावर गोळी ठेवायची आणि मधोमध कापायची. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या. डॉक्टरकडे ते ऑगस्टनंतर गेलेच नव्हते.

त्याच आठवड्यात नाकातून रक्त आलं, प्रेशर १९० च्या वर. वाचले. आता नीट आहेत, पूर्ण गोळी घेतात.

मला एवढंच म्हणायचंय की आपण घरी किंमत कमी सांगतो तशी तेही आपल्याला सांगतात. शेवटचा_डबा, घरी गेलास की वडिलांच्या गोळ्या मोज. विचारू नकोस, मोज.

---

तिखटमीठ | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

आडनाव_नको, सकाळी सकाळी रडवलंस.

---

शेवटचा_डबा | ७ ऑक्टोबर, ८:३०

झोप नाही रात्रभर. वडिलांच्या चार गोळ्या आहेत, रक्त पातळ होण्याच्या दोन, कोलेस्टेरॉलची आणि प्रेशरची. महिन्याला १८०० चं बिल. मी पाठवतो ते पैसे औषधालाच जातात असं मी धरून चाललो होतो.

---

फिजिओ_ताई | ७ ऑक्टोबर, १०:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरला. तीन गोष्टी.

झटका येऊन गेलेल्या माणसाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद किंवा अर्ध्या करणं फार धोक्याचं. त्यात काटकसर नाही. जेनेरिक घ्यायची असतील तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. बहुतेक निम्म्याच्याही खाली याल.

आईंची पाठ: पाय सरळ पसरून तासन् तास बसलं की कंबरेची नैसर्गिक खोबण सपाट होते आणि सगळा भार खालच्या मणक्यांवर येतो. खुर्चीची पाठ मदत करते, पण खरं काम कंबरेच्या पोकळीत काहीतरी भरण्याचं आहे. सोलापूरचे आहात, चादर मागायला लाज वाटू नये. चादरीची गुंडाळी, मनगटाएवढी जाड, कंबरेमागे. बुडाखाली पण एक घडी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहील.

आणि तासाभराने उठायचं. भात लावायला उठतात ते उत्तम, रोज दोनदा भात लावायला सांगा.

---

कडकभाकरी | ७ ऑक्टोबर, १०:४०

सोलापुरात चादर म्हणजे ताई आमच्याकडं पाहुण्याला पण चादर, नवरदेवाला पण चादर, कारच्या सीटला पण चादर. कंबरेला पहिल्यांदाच ऐकली.

---

भंगारातला_बादशहा | ७ ऑक्टोबर, दुपारी २:०५

इचलकरंजीहून. आमच्या घरी पण साचे, त्यामुळे वडिलांचं वाचून जीव कळवळला. पण तुझ्या ७६०० चा प्रश्न कोणी सोडवत नाहीये, सगळे गोष्टी सांगतायत.

हे बघ. लग्नाच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांचा पाय मोडतो, मग भंगारात जातात. पाठ आणि बैठक ठणठणीत असते. भंगारवाल्याकडे शंभर-सव्वाशेला मिळते. करवतीने चारी पाय बैठकीलगत कापायचे. झाली जमिनीवरची खुर्ची. आमच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायका अशाच बसतात, सात-आठ वर्षं झाली.

काळजी दोन. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नाहीतर साडी अडकते आणि फरशीवर चरे पडतात. दुसरं, हात असलेली खुर्ची घेऊ नको, वळताना कोपर आपटेल. बिनहाताची मिळाली नाही तर हात पण काप.

---

झेंडूबाम | ७ ऑक्टोबर, २:२०

पाय काप, हात काप. या धाग्यावर पोलीस येणार.

---

फिजिओ_ताई | ७ ऑक्टोबर, २:५०

बादशहांची खुर्ची चालेल. मला आवडली. हॉलच्या खुर्चीची पाठ जरा मागे कललेली असते, त्यामुळे चादरीची गुंडाळी मात्र हवीच.

---

हिशोबनीस | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

एक कोणी बोललं नाही ते बोलतो. प्लास्टिकची खुर्ची दीडशेला पडेल. बायकांनी पाचशे दिलेत. त्यांना "तीच खुर्ची" हवी होती. आता एकतर साडेतीनशे परत द्यावे लागतील, म्हणजे प्रश्न येणार, किंवा ठेवून घ्यावे लागतील, म्हणजे तुम्ही नफेखोर. खरं सांगितल्याशिवाय हिशोब जुळत नाही. अकाउंट्सला आहात, तुम्हाला काय सांगायचं.

---

मास्तर_निवृत्त | ७ ऑक्टोबर, ९:४१

हेच मी सहा तारखेला सकाळी अकरा बावीसला म्हणत होतो.

---

दूरदेशी | ७ ऑक्टोबर, ९:५०

मास्तर, मोदक घ्या.

---

साळुंकी_मिरज | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मला या सगळ्यात एक खटकतंय, पटलं नाही तर सोडून द्या. आपण सगळे धरून चाललोय की आईला किंमत कळली तर तिला त्रास होईल. पण आईला कधी विचारलंय? मी पण पहिल्या पगारापासून आईला किंमती कमी सांगत आले. मिक्सर अर्ध्या किमतीचा, चष्मा तिसऱ्या हिश्श्याचा. आठ वर्षांनी एकदा भांडणात आई म्हणाली, "तू घरात काय आणतेस, किती भरतेस, मला काहीच माहीत नाही. लोकांना मी काय सांगू माझी मुलगी किती करते?" तिला शेजारी मिरवायचं होतं. मी तिला स्वस्तातलं मिरवायला लावलं.

खोटं बोलताना मला वाटायचं मी तिचा भार हलका करतेय. खरं तर तिची नाराजी मला झेलायची नव्हती, एवढंच होतं ते.

---

तिखटमीठ | ८ ऑक्टोबर, ११:१५

+१. आणि सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी सातशेवर ठाम आहे.

---

शेवटचा_डबा | ८ ऑक्टोबर, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. साळुंकीताई, तुमचं दोनदा वाचलं. दिवाळीला घरी जातो, मग लिहितो. तोवर ॲडमिननी धागा बंद करू नये.

---

कडकभाकरी | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

आज हुतात्माला लई गर्दी. डब्यात कोणाच्या मांडीवर खुर्ची दिसली नाही. काय झालं बे?

---

झेंडूबाम | २६ ऑक्टोबर, १२:०५

दिवाळी संपली, भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे. पॉपकॉर्न पण सादळले.

---

शेवटचा_डबा | २ नोव्हेंबर, रात्री ११:१०

उशीर झाला, माफी. ऑफिसात जीएसटीची रिटर्नं होती.

आधी गोळ्या. पोहोचलो त्या रात्रीच मोजल्या. कापलेली एकही नव्हती. प्रेशरच्या गोळीची एक अख्खी पट्टी जास्त निघाली. म्हणजे मधे पंधरा दिवस घेतलीच नाही. विचारलं तर वडील म्हणाले, चक्कर येत होती. अम्माला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळी बदलली. चारपैकी तीन जनऔषधीत मिळाल्या, महिन्याचं बिल १८०० वरून साडेसातशेवर आलं. आडनाव_नको, तुला काय लिहू कळत नाही.

आता खुर्ची. चतुर्दशीला पहाटे अम्मा चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती आणि शेजारी बसून पानं भिजवत होती. (सुटी होती. तरी.) तिथेच सांगितलं. अम्मा, ती खुर्ची पाचशेची नाही, चोवीसशेची आहे.

ती काही बोलली नाही. फडकं पिळलं, पानं गुंडाळली, गाठ मारली. मग म्हणाली, "बारा."

म्हटलं, बारा काय?

"बारा हजार."

उठली, खुर्चीची घडी घातली, कपाटामागे उभी करून ठेवली. दोन दिवस भिंतीला टेकून बसली, त्याच डागाला. मी सणाचा घरात असून नसल्यासारखा. मास्तर, तुम्ही म्हणाला होतात दोन दिवस, ते बरोबर निघालं.

पाडव्याला दुपारी मी बाहेरून आलो तर ओट्यावर सगळ्या जमलेल्या आणि अम्मा मोठ्याने सांगतेय, पोरगा खोटं बोलला, चोवीसशेची आहे. आवाज रागाचाच होता. पण किंमत तिने तीनदा सांगितली. साळुंकीताई, तिसऱ्या वेळेला तुमची आठवण झाली.

चौघींचं असं झालं. एकीने पाचशे परत घेतले आणि माझ्याशी अजून बोलत नाही, तिला वाटतं मी मधे काहीतरी खाल्लं. दोघींसाठी बादशहांचा उपाय केला. अक्कलकोट रोडच्या भंगारवाल्याकडून दोन खुर्च्या १२० प्रमाणे आणल्या, पाय कापायचे तीस-तीस घेतले त्याने. कडा वडिलांनी घासल्या, पायाखाली खुर्ची दाबून धरून, उजव्या हाताने. मी सांगितलं नव्हतं. दुपारभर तेच करत होते, आणि संध्याकाळी मला म्हणाले, पेपर भरड आणलास, बारीक आणायचा होतास. साडेतीनशे-साडेतीनशे परत केले. चौथ्या अक्कांना मात्र तीच हवी. कापलेल्या खुर्चीवर मी बसणार नाही म्हणाल्या. मंगळवारी बचत गटाचा हप्ता भरल्यावर दोनशे-दोनशे अम्माकडे देणार. पैसे पुरे झाले की आणायची.

चादरीची गुंडाळी केली, फिजिओताई. अम्मा म्हणते गरम होतं. पण काढत नाही. छातीचा एक्स-रे व्हायचाय, @स्वच्छ_हवा, विसरलो नाही. ती टाळतेय, एक्स-रेची किंमत आधी विचारते.

---

मास्तर_निवृत्त | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

एक्स-रेची किंमत खरी सांगा. सरकारी रुग्णालयात फारशी पडणार नाही.

---

तिखटमीठ | ३ नोव्हेंबर, ९:००

आणि तुझ्या अम्माची खुर्ची? ती कपाटामागेच आहे का अजून?

---

शेवटचा_डबा | ३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

ते लिहायचं राहिलं. भाऊबीजेनंतर तिने स्वतःच काढली. मला म्हणाली, हिच्यावर बसून बारा हजार वळते, मग ही माझी. तोवर तुझी. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने रेघा मारतेय, शंभराला एक. मला रोज रात्री फोनवर आकडा सांगते, वडिलांच्या गोळ्यांच्या आधी.

काल साडेपाच हजार झाले.

---

हिशोबनीस | ३ नोव्हेंबर, २:१५

छाट धरून की वगळून?

---

शेवटचा_डबा | ३ नोव्हेंबर, २:२०

वगळून. मी म्हटलं होतं छाट पण धर, त्या पण खुर्चीवर बसूनच वळल्यात की. म्हणाली, चेकर धरतो का?